आजीची डबी आणि दादाची पन्नी

लालबागच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्याखालच्या फळीवर पितळेची एक डबी असे. तिच्या झाकणावरचा मोर झिजून सपाट झाला होता आणि आत तळाला एक काळपट डाग होता. दर दिवाळीला आई चिंच लावून घासायची, तरी तो डाग कधी गेला नाही. माझ्या लहानपणी आजी त्या डबीत लवंगा ठेवत असे. त्याआधी, म्हणजे माझे वडील तान्हे असताना, तिच्यात अफू असायची, हे मला तिने पुष्कळ उशिरा, माझा मोठा भाऊ गेल्यानंतर सांगितले.

आजी 1930 च्या दशकात परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचे, तान्हे मूल शेजारच्या म्हातारीकडे ठेवायचे, आणि दिवसभर ते रडू नये म्हणून निघताना मोहरीएवढी अफू दुधात उगाळून त्याच्या जिभेला लावायची, हा तेव्हा गिरणगावातल्या घरोघरचा रिवाज होता. तिला बाळगोळी म्हणत. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघडपणे विकत मिळत असे, त्यामुळे त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी या प्रथेची नोंद करून ठेवली आणि ती किती सर्रास आहे हेही लिहिले. अफूने मूल झोपते, पण त्याबरोबर त्याची भूकही झोपते. आतडी मंदावतात, मूल दूध ओढत नाही, हळूहळू सुकत जाते, आणि मात्रा जरा जास्त झाली तर श्वास थांबतो. आजीला सात मुले झाली आणि त्यांतली तीन मुले एक वर्षाची व्हायच्या आत गेली. त्यांतल्या एकाबद्दल ती मला म्हणाली होती, “निजलेलाच गेला गो बाय. मला वाटायचा, गुणाचा पोर आहे, रडत नाय.”

पुढे शिकताना, वाचताना मला उमगत गेले की आजीच्या डबीतली अफू आणि ज्या शहरात ती गिरणीवर जात होती ते शहर, यांचे नाते फार जुने आहे. बंगाल आणि बिहारमधली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत कलकत्त्याहून चीनला जात असे. माळव्याची अफू मात्र संस्थानांच्या मुलखात पिकायची, त्यामुळे ती कंपनीच्या हाती येईना. तेव्हा 1830 च्या सुमारास कंपनीने पेटीमागे जकात घेऊन ती मुंबई बंदरातून जाऊ द्यायला सुरुवात केली, आणि 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कराचीकडची चोरवाटही बंद झाली. त्या पेट्यांवर मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाढल्या, जहाजे बांधली गेली. जमशेटजी जीजीभॉय यांनी कापूस आणि अफू यांच्या चीनच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवली. चीनने अफू रोखली म्हणून 1839 मध्ये पेटलेले युद्ध 1842 च्या नानकिंगच्या तहाने संपले, आणि त्याच वर्षी जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. पुढे 1845 मध्ये त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आपण आजही जे. जे. म्हणून ओळखतो. गिरणगावातल्या किती पिढ्या तिथे बऱ्या होऊन घरी आल्या याची मोजदाद नाही, आणि त्या दानाचे मोल मला कमी करायचे नाही. पण ज्या मालाने दूरच्या कँटनमधली घरे बसली, त्याच मालाच्या पैशातून इथले दवाखाने, शाळा आणि रस्ते झाले, ही गोष्ट मुंबईच्या मुलांना शाळेत शिकवली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. चीनला होणारी भारतीय अफूची निर्यात 1913 मध्ये थांबली. देशात औषधाव्यतिरिक्त अफू खाण्यावर पूर्ण बंदी यायला 1959 साल उजाडावे लागले. आजीची डबी तोवर लवंगांची झाली होती.

आता दादाविषयी. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते. काही महिन्यांनी ते राजापूरला गावी जाऊन बसले, घरात आई, आजी, दादा आणि मी उरलो. दादा तेव्हा 17 वर्षांचा होता. त्याने बारावी अर्धवट सोडली आणि मशीद बंदरच्या एका गोदामात गोणी उचलायचे काम धरले. अंगात ताकद होती, कबड्डीच्या संघात होता, आणि पहिला पगार त्याने जसाच्या तसा आईच्या हातावर ठेवला होता. त्याच गोदामात कोणीतरी त्याला सिगारेटमध्ये भरून एक भुरकट पावडर दिली. थकवा जातो, असे सांगून दिली. थकवा खरोखरच गेला, हे त्याने नंतर मला सांगितले, आणि हेच त्याचे दुर्दैव होते.

मुंबईत ती पावडर आली त्याला कारणे होती. त्याआधी कामाठीपुऱ्याच्या बाजूला, शुक्लाजी स्ट्रीटच्या गल्ल्यांत चंडू, म्हणजे ओढायची अफू, ओढण्याचे अड्डे होते. तिथे जाणारे लोक मोजके, बहुतेक वयस्क, आणि नशा संथ चढणारी. 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि त्या उलथापालथीत अफगाणिस्तान-पाकिस्तान सरहद्दीवर हेरॉइन बनवण्याचा धंदा फोफावला. युरोपकडे जाणारा काही माल भारतातून जाऊ लागला आणि वाटेत इथेच मुरला. त्याचे हलके, भेसळीचे रूप म्हणजे ब्राउन शुगर, आपल्या बोलीतला गर्द. चंडू ओढायला अड्डा लागत असे, गर्दला एक काडी आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी पुरे होती, त्यामुळे तो चाळीच्या गच्चीवर, संडासात, रेल्वेच्या रुळांकडेला कुठेही पोहोचला. संपाने रिकामे झालेले हात गिरणगावात पुष्कळ होते. संपामुळेच गर्द पसरला असे मी म्हणणार नाही, कारण तो वांद्र्याच्या बंगल्यांत आणि कॉलेजांतही तितकाच पसरला होता. मात्र तो आमच्या दारात आला तेव्हा त्याला अडवायला घरात कोणीही शाबूत उरले नव्हते.

मी तेव्हा चॉकलेटच्या चांद्या जमवत असे. नखाने गुळगुळीत करून भूगोलाच्या पुस्तकात एकेका पानात एकेक ठेवायची. त्या चांद्या कमी होऊ लागल्या. मला वाटले, शेजारची मैत्रीण घेते, आणि मी तिच्याशी अबोलाही धरला. एके दिवशी सकाळी नळाच्या पाइपामागे खोवलेली माझीच एक चांदी मला सापडली. ती मधोमध दुमडलेली होती, खालून काजळी धरलेली, आणि वर गोगलगाय सरपटत गेल्यासारखा तपकिरी, जळका ओघळ. मी ती आईला दाखवली. आईने ती मुठीत चुरगाळून चुलीत टाकली आणि मला म्हणाली, “कुणाला बोलू नकोस.” त्या एका वाक्यावर आमच्या घराने पुढची चार वर्षे काढली.

घरातली भांडी एकेक करून गेली. आधी तांब्याचा हंडा, मग समई, मग आईच्या माहेरचे पितळी ताट. चाळीत कोणी विचारले तर आई सांगायची की कल्हईला दिले आहे. एक दिवस देव्हाऱ्याखालची डबीही गेली. पण तिच्यातल्या लवंगा दादाने फेकल्या नव्हत्या. वर्तमानपत्राच्या कागदात नीट पुडी बांधून त्याने त्या त्याच जागी ठेवल्या होत्या. लोक म्हणतात, व्यसनी माणसाला माया नसते. ती पुडी मी माझ्या हातांनी उघडलेली आहे, म्हणून मी हे कधीही मान्य करणार नाही.

त्याने सोडायचा प्रयत्न केला नाही असेही नाही. पहिल्यांदा त्याने स्वतःला खोलीत कोंडून घ्यायला सांगितले. गर्द थांबला की सहा-आठ तासांत जे सुरू होते त्याला व्यसनी मंडळी टर्की म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, पोटात कळा, जुलाब, हाडे कोणी आतून पिळत आहे असे दुखणे, आणि चार-पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. दादा भिंतीवर पाय आपटत असे आणि खालच्या मजल्यावरचे लोक ओरडायचे. तिसऱ्या रात्री आजीने कडी काढली. तिला ते बघवले नाही. दुसऱ्यांदा वडिलांनी गावची जमीन गहाण टाकून त्याला मुंबईबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवले. तिथे त्याला साखळीने बांधत असत. 40 दिवसांनी परत आला तेव्हा घोट्यावर जखमेचे कडे होते, आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा गोदामाकडे गेला. आज 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजार म्हणून मान्य केल्या आहेत, पण आम्हाला तेव्हा मारझोड हाच उपचार वाटत होता.

वेगळा विचार करणारी माणसे तेव्हाही होती. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले होते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, आणि व्यसनी माणसाशी माणसासारखे बोलता येते हे महाराष्ट्राला दाखवून दिले. अवचटांचे गर्दविषयीचे लेखन माझ्या वडिलांनी वाचनालयात उभ्याने वाचले आणि पहिल्यांदाच, दादा नालायक नाही, आजारी आहे, असे ते घरी येऊन म्हणाले. त्यानंतर दादा दादरमधल्या एका शाळेच्या वर्गात भरणाऱ्या सभांना जाऊ लागला. तिथे सगळे गोल बसून आपापले सांगत. जमले. एक महिना, दोन महिने, सात महिने. अंगावर मांस आले, त्याने मला शिवाजी पार्कला नेऊन भेळ खाऊ घातली, आणि आईने गणपतीत उकडीचे मोदक केले तेव्हा त्याने मोजून अकरा खाल्ले.

1990 च्या नोव्हेंबरात एका जुन्या मित्राच्या वडिलांच्या दहाव्याला तो गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गोदामाच्या जिन्याखाली सापडला. त्याने फार घेतली असेल असे आम्हाला वाटले. पण त्याच्याबरोबर असलेला मित्र रडत रडत शपथेवर सांगत होता की दादाने पूर्वीइतकीच घेतली, त्याहून कणभर जास्त नाही.

या वाक्याचा अर्थ मला दोन वर्षांनी डी. फार्म.च्या, म्हणजे औषधशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात कळला. अफूतला मुख्य घटक मॉर्फिन. जर्मनीतल्या सर्टुर्नर नावाच्या औषधविक्रेत्याने तो 1805 च्या सुमारास वेगळा काढला. 1874 मध्ये लंडनमध्ये त्यावर रासायनिक क्रिया करून एक नवा पदार्थ तयार झाला, आणि 1898 मध्ये बायर कंपनीने तो हेरॉइन या नावाने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणला. मॉर्फिनपेक्षा सुरक्षित म्हणून तो विकला गेला. सर शिकवत होते आणि मी वहीत ती साले उतरवून घेत होते. मग त्यांनी पुढचे सांगितले. हे पदार्थ मेंदूतल्या, वेदना आणि सुख सांभाळणाऱ्या जागांना जाऊन चिकटतात, आणि त्याच वेळी श्वास चालवणाऱ्या केंद्रालाही मंद करतात. रोज घेत राहिले की शरीर सरावते, तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते, आणि श्वासाचे केंद्रही त्या वाढीव मात्रेला काही प्रमाणात सरावते. सोडल्यावर काही दिवसांतच, काही आठवड्यांत तर नक्कीच, हा सराव ओसरतो. मात्र मेंदूला आठवण राहते ती जुन्या मात्रेची. म्हणून सुटका झाल्यावर, तुरुंगातून किंवा केंद्रातून घरी आल्यावर, जो माणूस एकदा घसरतो आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतो, त्याचा श्वास थांबण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. त्या तासाला मी वही मिटली आणि बाहेर जाऊन बसले. आमच्या आनंदाच्या सात महिन्यांनीच त्याची जुनी पुडी जीवघेणी करून ठेवली होती, आणि हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. सांगणार तरी कसे? आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

त्यानंतरची 27 वर्षे मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. तिथून नशेचे रूप कसे पालटत गेले ते दिसत होते. गर्द कमी झाला तसे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मागणारी मुले आली, एकेक जण तीन-तीन बाटल्या मागे. मग झोपेच्या गोळ्या, ज्यांना गल्लीत बटन म्हणतात. 1 मार्च 2014 पासून यांतली पुष्कळ औषधे एच-1 या अनुसूचीत गेली आणि डॉक्टरांचे, रुग्णाचे नाव वहीत लिहिल्याशिवाय ती देता येईनात. ती वही मी डोळ्यांत तेल घालून भरत असे. मालकाला वाटे मी गिऱ्हाईक परत पाठवते, आणि ते खरेच होते. स्टेशनबाहेरच्या लहान मुलांच्या हातात व्हाइटनरने भिजलेला रुमाल असायचा. या वासाने पोटातली भूक विसरायला होते, आणि एखाद्या दिवशी पहिल्याच दमाला हृदयाचा ठोका चुकून मूल जागच्या जागी जाऊ शकते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, हुंगण्याच्या नशेसाठी मदतीची गरज असलेली मुले भारतात सुमारे 4.6 लाख आहेत. त्याच पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे 2.26 कोटी, आणि दारू पिणारे सुमारे 16 कोटी लोक आढळले. दारूचा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण गर्दुल्ल्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या घरांत रोजची बाटली असते, आणि वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर त्याला झटके येऊन, भ्रम होऊन तो दगावू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते, हे त्या घरांना ठाऊक नसते. मालाडच्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तीही बहुतेक हातावर पोट असणारी.

आता एमडीचे दिवस आहेत. मेफेड्रोन. 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत हा पदार्थ अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हताच, त्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले होते आणि तेवढ्या काळात तो कॉलेजांत रुजला. गर्द सरहद्दीपलीकडून येत असे, एमडी मात्र आपल्याच राज्यात बनवला जातो. 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ असा एक कारखाना पकडला होता. गर्दने माणूस पेंगतो, एमडीने तो दोन-दोन दिवस झोपत नाही, जेवत नाही, हृदय धडधडते, आणि हळूहळू त्याला वाटू लागते की घरातलेच लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत. अभ्यासासाठी जागते आहे, बारीक होते आहे, या समजुतीत कित्येक आया महिनेच्या महिने काढतात. आईच्या हातातली ती चुरगाळलेली चांदी मला अशा वेळी आठवते.

कायद्याविषयीही घराघरांत मोठी भीती आहे. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे आणि व्यापार करणाऱ्यांसाठी तो तसाच असावा असे माझे मत आहे. पण त्याच कायद्यातले 64-अ हे कलम सांगते की स्वतःच्या सेवनापुरता अडकलेला माणूस मान्यताप्राप्त केंद्रात आपणहून उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडणाऱ्या आईबापांना हे सांगायला हवे. अफूवर्गीय व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात, त्यांनी टर्की आवरते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. त्यालाही काहीजण एका नशेऐवजी दुसरी नशा म्हणतात. मधुमेह्याला रोज इन्सुलिन घेताना कोणी असे म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मी पूर्वीच्या दुकानात सहज भेटायला गेले होते, तेव्हा सात रस्त्याकडची एक बाई व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायला आली. मुलगा तीन महिन्यांनी केंद्रातून गुरुवारी घरी येणार, अशक्त झाला असेल, काहीतरी चांगले द्या, म्हणाली. चेहरा उजळलेला होता. तिच्या त्या आनंदात मी बोलावे की नाही, हे मला क्षणभर कळेना. मग मी तिला आतल्या स्टुलावर बसवले आणि जुन्या मात्रेचे सगळे सांगितले. तो घसरलाच तर एकट्याने घेऊ देऊ नका. उठवून उठत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा, कारण नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर थांबत आलेला श्वास परत येतो. काही विचारायचे असेल तर 14446 वर विचारा, पैसे लागत नाहीत.

ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिने गोळ्यांचे पैसे दिले आणि म्हणाली, “ताई, हे सगळं कागदावर लिहून द्या. मला एवढं ध्यानात राहणार नाही. घरी गेल्यावर यांना वाचायला देते.” मी बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहून दिले. तिने तो कागद घडी करून गोळ्यांच्या पाकिटात ठेवला, आणि निघताना विचारले की मुलाला सुरमई फार आवडते, गुरुवार असला तरी केली तर चालेल ना.